नामदेव सोलर, दिलसुखनगर

९ मार्च १९९७, रविवार

आजही करंट सातला गेला आणि नऊला आला. त्यात नवीन काही नाही. दिलसुखनगरच्या आमच्या गल्लीत उन्हाळा लागला की तेवढी एकच गोष्ट वेळेवर होते. नवीन हे, की मी निर्णय घेतला.

कारण भामा. जेवताना म्हणाली, त्रिवेणीला परीक्षा होईपर्यंत सिकंदराबादला गौतमकडे ठेवू. गौतम म्हणजे हिचा धाकटा भाऊ. रेल्वेत आहे. त्याच्या क्वार्टरला स्टेशनच्या लाइनवरून करंट येतो आणि तो कधी जात नाही. हे वाक्य मी लग्नकार्यात, बारशात, एकदा तर मयतालासुद्धा ऐकलेलं आहे.

त्रिवेणीचे इंटरचे, म्हणजे बारावीचे पेपर चालू आहेत. मग मे महिन्यात एमसेट, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा. एकुलती एक मुलगी. नंबर लागला की कुठल्या गावच्या कॉलेजात जाईल कुणास ठाऊक. म्हणजे ती घरात असण्याचे हे शेवटचे महिने, आणि तेही गौतमच्या घरात घालवायचे? माझ्या मुलीला उजेड मेहुण्याने द्यायचा?

त्रिवेणीलाच विचारलं. ती कंदील जवळ ओढून वाचत होती. म्हणाली, मला कुठेही चालतं बाबा, इथेही चालतंय. त्या 'चालतंय'मध्ये काय काय दडलेलं होतं ते बापालाच कळतं.

संकल्प: घराची वीज घरीच तयार करायची. सरकारने सगळं खुलं केलंय. विमानं खासगी झाली, टीव्हीवर चाळीस चॅनेल आले. सरकारी करंटची वाट बघत बसणं हे जुन्या काळाचं लक्षण. खासगीकरण आमच्या गच्चीपासून सुरू. सोलर!

१० मार्च

भामाला योजना सांगितली. ती "बरं" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. पूर्ण पाठिंबा.

१३ मार्च, गुरुवार

अर्धा दिवस रजा. कोटीला गुजराती गल्लीत जाऊन पॅनेल घेतलं. काय वस्तू आहे! काळीनिळी काच, ॲल्युमिनियमची चौकट, मागे सगळं इंग्रजीत. सोबत एक पुस्तिका आणि बारा व्होल्टची ट्यूब. किंमत इथे लिहीत नाही, कारण भामाला वाचता येतं.

येताना मलकपेटला याकूबभाईंकडून बॅटरी. ते सोलरची वेगळी बॅटरी असते असं काहीतरी म्हणायला लागले होते, पण माझी नजर लॉरीच्या बॅटरीवर पडली. दहा टनाची लॉरी जी ढकलते तिला एक ट्यूब म्हणजे काय! मी विचारलं, ही चालेल ना? हौ. रात्रभर चालेल? हौ. पुढे पंखा लावला तर? हौ साब. प्रत्येक प्रश्नाला ठाम उत्तर. आपल्या धंद्यात इतका जाणकार माणूस विरळा.

बॅटरी वर चढवताना कंबरेत लचक. क्षुल्लक.

१६ मार्च, रविवार

आज उभारणी. सकाळी एकनाथराव आले. आमच्या ऑफिसातले. वास्तुशास्त्राचा त्यांचा दांडगा अभ्यास, सध्या हैदराबादेत त्यांना विचारल्याशिवाय कोणी संडासाचं दारसुद्धा हलवत नाही.

मी पुस्तिका वाचून दाखवली. तिच्यात छापलंय की पॅनेलचं तोंड दक्षिणेला करावं. एकनाथरावांनी डोळे मिटून घेतले. मीही चरकलो. आपल्या घरात निरांजनाची वातसुद्धा आपण दक्षिणेकडे करत नाही. ती यमाची दिशा. आणि मुलीच्या अभ्यासाचा दिवा जिथून पेटायचा, त्याचं तोंड दक्षिणेला? पुस्तिका लिहिणारा साहेब आहे. त्याच्या घरी देव्हारा कुठून असणार?

एकनाथरावांनी खिशातून होकायंत्र काढलं. उत्तर ठरली. उत्तर म्हणजे कुबेर. गच्चीवर जिन्याची खोली आहे, तिची उत्तरेकडची भिंत नेमकी मोकळी होती. तिला टेकवून पॅनेल उभं केलं. पुस्तिकेत आडवंतिडवं कलंडलेलं चित्र आहे, मी चांगलं ताठ ठेवलं. बघणाऱ्याला रुबाब वाटला पाहिजे.

त्रिवेणी वर आली. म्हणाली, बाबा, ऊन दक्षिणेकडून येतंय, भिंतीची सावली याच्यावरच पडेल. तिचा फिजिक्सचा पेपर नुकताच झालाय, डोक्यात तेच असणार. मी तिला समजावलं की सूर्य फार मोठा आहे.

१७ मार्च

सातला करंट गेला. मी बटण दाबलं. लागली!

पांढराशुभ्र उजेड. भामाच्या नाकाला लागलेलं पीठसुद्धा दिसत होतं. मी त्रिवेणीचं टेबल खिडकीतून ओढून ट्यूबच्या बरोब्बर खाली आणलं. उजेड पुरतो का विचारलं. पुरतो म्हणाली. डोळ्यांवर येतो का? नाही म्हणाली. हाताची सावली वहीवर पडते का? ती उत्तर द्यायच्या आत ट्यूब लाल झाली आणि विझली. भामाची तव्यावरची भाकरी अजून उलटायची होती.

तरी पहिल्याच दिवशी लागली हे महत्त्वाचं. बॅटरी नवी आहे, रुळायला वेळ लागेल. नवी सून पहिल्या दिवशी पुरणपोळ्या करत नाही.

१९ मार्च

ट्यूब कालच्यापेक्षा थोडा जास्त वेळ. किंवा तेवढाच. प्रगती आहे.

२३ मार्च, रविवार

आज एक शास्त्रीय शोध लागला. आमच्या घरमालकीण अनसूयम्मा खाली राहतात, गच्ची त्यांचीच. या दिवसांत त्यांच्या मिरच्या आणि वडियाल, म्हणजे सांडगे, गच्चीभर वाळत असतात. राखणीला बसायच्या त्या टाकीजवळ छत्री घेऊन. आज दुपारी बाराला वर गेलो तर बाई छत्री मिटून, थेट माझ्या पॅनेलला पाठ लावून, निवांत लसूण सोलत बसलेल्या.

मला वाटलं पॅनेल बघायला आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "इधर ठंडा रहता जी."

मी हात लावून पाहिला. खरंच! सगळी गच्ची तव्यासारखी तापलेली आणि पॅनेलपाशी गारवा. म्हणजे पॅनेल आसपासची उष्णता शोषून घेतं! एवढी शोषतंय तर बॅटरीत किती जात असेल. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. त्या लोकांना माहीत नसावं.

त्रिवेणीला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि केमिस्ट्री उघडली. परीक्षेचं टेन्शन.

२७ मार्च

निरीक्षण: करंट गेला की घरात अजूनही पहिला हात कंदिलाकडे जातो. कंदील समोर असेपर्यंत मन खंबीर होत नाही. तेव्हा आज कंदील, चिमण्या आणि घासलेटचा डबा इस्त्रीवाल्या अंबाजीला देऊन टाकला. अंबाजी भारावून गेला. भामा एक अक्षर बोलली नाही. रात्री ट्यूब विझल्यावरही बोलली नाही.

३० मार्च, रविवार

नवी योजना, सविस्तर: पहिला टप्पा ट्यूब. दुसरा पंखा. तिसरा मिक्सर आणि रंगीत टीव्ही. चौथा अनसूयम्मांचा पोर्शन. पाचवा गल्ली. त्यानंतर जी वीज उरेल ती मंडळाला विकायची. त्यांना गरज आहे.

व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. 'नामदेव सोलर, दिलसुखनगर. मॅनेजिंग डायरेक्टर: नामदेवराव.' कोपऱ्यात उगवता सूर्य. त्रिवेणीने आपणहून गठ्ठाभर मागून घेतली. मैत्रिणींत वाटणार. पोरगी अखेर प्रकल्पात ओढली गेली.

१ एप्रिल

त्रिवेणीच्या टेबलावर कार्डं दिसली. पाठच्या कोऱ्या बाजूवर तिने हाडांची नावं लिहून ठेवलीत. हुशार आहे. अशाने कार्ड सतत हातात राहतं.

४ एप्रिल

करंट गेल्यावर सगळी गल्ली आपापल्या गच्चीवर. सध्या आकाशात शेपटीवाला तारा दिसतो, त्याच्याकडे बोटं दाखवतात. हाकेच्या अंतरावर भविष्यकाळ भिंतीला टेकून उभा आहे, तिकडे कोणी मान वळवत नाही.

त्रिवेणी बराच वेळ बाथरूममध्ये होती. दाराखालून मेणबत्तीचा उजेड येत होता. मी दोनदा दार वाजवून विचारलं. या वयात मुली आंघोळीला वेळ घेतात.

८ एप्रिल, गुढीपाडवा

आज उद्घाटन. मुहूर्त म्हणजे थेट साडेतीन मुहूर्तांतला एक. दिवसभर कोणाला ट्यूबच्या बटणाजवळ फिरकू दिलं नाही. गौतम सिकंदराबादहून सहकुटुंब जेवायला आला. अनसूयम्मा आल्या, एकनाथराव आले. मी छोटंसं भाषण केलं: स्वावलंबन, खुली बाजारपेठ, माझा प्रवास. भामाने बॅटरीला हळदीकुंकू लावलं, पॅनेलला झेंडूचा हार घातला.

सातची वाट बघत सगळे बसलो. सात वाजले, करंट गेला नाही. सव्वासात, नाही. साडेसात, नाही. सणासुदीला मंडळाने दगा दिला. गौतम म्हणाला, दाजी, आमच्यासारखंच झालं की हो तुमचं. सगळे हसले. मी मेन स्विचकडे जाऊन गुपचूप फ्यूज काढला.

अंधार. बटण. उजेड! टाळ्या. गौतमच्या बायकोने "अय्या" म्हटलेलं मी स्वतः ऐकलं. भामा श्रीखंड वाढायला लागली आणि ट्यूब लाल झाली. मग अंधारात मी फ्यूज कुठे ठेवला ते आठवेना. घरात कंदील नाही. पाहुणे श्रीखंड चाचपत जेवले. एकनाथरावांनी गौतमच्या वाटीत हात घातला.

फ्यूज माझ्या सदऱ्याच्या खिशातच होता. पाहुणे गेल्यावर सापडला.

९ एप्रिल

काल एकूण कार्यक्रम चांगला झाला.

१४ एप्रिल

त्रिवेणी आजकाल सात वाजले की खाली अनसूयम्मांकडे जाते. म्हणते, लोणचं शिकते. पुस्तकं घेऊन जाते हे जरा चमत्कारिक, पण मुलीला स्वयंपाकाची आवड लागली याचा आनंद आहे. मी दोनदा खाली डोकावलो. अनसूयम्मांचा कंदील मोठा आहे. त्या अजून प्रकल्पात यायच्या आहेत.

तिला वर बोलावून घेतलं. लोणचं दिवसासुद्धा शिकता येतं. माझी ट्यूब लागलेली असताना माझी मुलगी दुसऱ्याच्या कंदिलाखाली बसते हे गल्लीत दिसणं बरं नाही.

२१ एप्रिल

कपडे कुरतडले जातायत. दोन लुंग्या, नवी विजार, बनियन. सगळीकडे नाण्याएवढी भोकं. भामा म्हणते बॅटरीचं पाणी उडतं, ॲसिड आहे ते. मी म्हटलं, मी रोज बॅटरी पुसतो म्हणून तुला तसं वाटतं. कसर लागली असणार. डांबराच्या गोळ्या आणल्या.

२४ एप्रिल

याकूबभाईंना जाऊन विचारलं की बॅटरी पूर्ण भरते ना. हौ म्हणाले. मग दोष बॅटरीत नाही. पॅनेल तर उघडच उत्तम आहे, अनसूयम्मा रोज तिथे बसून डुलकी काढतात. मग राहिली काय? ट्यूब. आणि देखरेख.

आजपासून देखरेख वाढवली.

२६ एप्रिल

देखरेखीचा फायदा दिसतोय. ट्यूब किती वेळ चालते यापेक्षा ती असताना तिचा पूर्ण उपयोग होतो की नाही हे महत्त्वाचं. मी जाऊन येऊन त्रिवेणीजवळ उभा राहतो. उजेड पुरतो का, टेबल जरा डावीकडे घेऊ का, पान उलटताना सावली येते का, झाडांच्या चित्रातली बारीक अक्षरं दिसतात का. ट्यूब मंद व्हायला लागली की आधी सांगतो, म्हणजे तिला घाईने वाचता येतं. विझली की किती पानं झाली ते विचारतो. नोंद ठेवायला हवी ना.

तिने आज एकदा पुस्तकावर डोकं टेकवलं. दमते पोरगी. मी फुंकर घालून वारा घातला.

१ मे, गुरुवार

प्रकार घडला. शांतपणे लिहितो.

करंट गेला, ट्यूब लागली, मी देखरेखीला गेलो. उजेड पुरतो का म्हणून विचारलं. त्रिवेणीने पुस्तक मिटलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. भामाकडे बघून म्हणाली, "आई, मी उद्यापासून मामाकडे जाते."

मी म्हटलं, उजेडाचाच प्रश्न असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत...

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "बाबा, मला अंधाराचा त्रास कधीच नव्हता. तुम्ही दर पाच मिनिटांनी येऊन विचारता ना, त्याचा होतो."

परीक्षेचं टेन्शन. शिवाय हे अतिशयोक्त आहे. मी दर पाच मिनिटांनी जात नाही. दहा तरी जातात मध्ये.

ट्यूब कधी विझली ते लक्षात आलं नाही.

२ मे

गौतम स्कूटर घेऊन आला. एक ट्रंक, दोन पिशव्या, पुस्तकं. त्रिवेणीने जाताना पाया पडून नमस्कार केला. मी म्हटलं, नीट अभ्यास कर, उजेड... आणि ट्रंक स्कूटरला बांधायला लागलो. गौतम म्हणाला, दाजी, काळजी नका करू, आमच्याकडे कधी... भामाने त्याला डोळ्यांनीच दटावलं. त्या एका गोष्टीसाठी मी भामाचा ऋणी आहे.

४ मे, रविवार

टेबल परत खिडकीत सरकवलं. मग ट्यूबखाली आणलं. मग खिडकीत.

मला ती घरात हवी होती. बाकी काही नको होतं. हे लिहून ठेवतो, कारण हे मोठ्याने म्हटलं तर भामा म्हणेल, मग तेवढंच सांगायचं होतं.

७ मे

भामाही गेली. म्हणते, अलका वहिनी एकट्याने सगळ्यांचं किती करणार, परीक्षा होईपर्यंत मीही तिकडेच. फडताळात लोणचं आहे, पिठाच्या डब्यात पीठ आहे, आणि बॅटरीजवळ झोपू नका. अलका म्हणजे गौतमची बायको, तीच पाडव्याला "अय्या" म्हणाली होती.

ऑफिसात एकनाथरावांनी विचारलं, घरी कसं चाललंय. म्हटलं, उत्तर दिशा असल्यामुळे एकदम शांतता आहे.

१० मे

चिंताजनक. अनसूयम्मा आज पॅनेलजवळ बसल्या नाहीत. पुन्हा छत्री, पुन्हा टाकीची बाजू. विचारलं तर म्हणाल्या, "अब उधर पूरी धूप पडरी जी."

भिंतीला हात लावला. चटका बसला. पॅनेलचा गारवा गेला! म्हणजे आता ते उष्णता शोषत नाही. पोट भरलं असावं किंवा बिघडलं असावं. डोक्यावर ऊन इतकं सरळ की माझी सावली माझ्याच पायाखाली. पॅनेल नखशिखांत उन्हात तापत पडलंय. बिचारं.

प्रकल्प गुंडाळावा का? इथे कोणी बघायला नाही तोवर विचार करायला हरकत नाही.

११ मे, रविवार

लागली! सातला लागली ती नऊपर्यंत! पूर्ण! एकसारखी, पांढरी, न लवता! करंट परत आला तरी ती लागलेलीच होती, मीच बंद केली!

मी गच्चीवर धावत गेलो, खाली आलो, परत वर गेलो. अनसूयम्मांना हाक मारली. त्या झोपल्या होत्या. बॅटरीला नमस्कार केला. दोन महिने सगळ्यांनी दक्षिण दक्षिण म्हणून डोकं खाल्लं, पण मी हललो नाही. आज काय झालं? सूर्यच उत्तरेकडे सरकला. शेवटी त्यालाच माझ्याकडे यावं लागलं.

उद्या त्रिवेणीला घेऊन येतो. परीक्षा याच आठवड्यात. शेवटचे दिवस घरच्या उजेडात.

१२ मे, सोमवार

ऑफिसातून परस्पर सिकंदराबाद. वाटेत अर्धा किलो जिलबी घेतली. बसमध्ये भाषण जुळवलं. तिच्या पुढ्यात सूर्याचं गणित मांडायचं, मग म्हणायचं, चल. देखरेखीबद्दल एक वाक्यही ठरवलं होतं: मी गच्चीवर बसेन, खाली येणार नाही. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

उतरलो तेव्हा वावटळ येऊन गेलेली. गौतमच्या क्वार्टरच्या रस्त्यावर कडुनिंबाची मोठी फांदी तारांवर आडवी पडली होती आणि सगळी लाइन अंधारात. क्षणभर, खोटं कशाला लिहू, मला इतका आनंद झाला की जिलबीची पुडी हातातून सुटता सुटता राहिली. स्टेशनची लाइन! कधी न जाणारी! देवाला माझी बाजू कळली.

फाटकापाशी पोचलो. अंगणात खाटेवर त्रिवेणी बसली होती. शेजारी स्टुलावर कंदील. साधा, काच थोडी काजळलेली. मांडीवर पुस्तक, एक पाय खाली सोडून हलवत होती. ती मजेत असली की लहानपणापासून तसा पाय हलवते. भामा आणि अलका पायरीवर बसून हळू बोलत होत्या. गौतम दाराशी उभा होता आणि तिला काहीही विचारत नव्हता.

मी फाटकाच्या बाहेर थांबलो. तिने एक पान उलटलं, मग दुसरं. वर बघितलं नाही.

माझ्याकडे पूर्ण दोन तासांचा उजेड होता. तिच्याकडे अंधार होता आणि ती खुशाल वाचत होती. भाषणात याची सोय केली नव्हती.

जिलबी फाटकाच्या खिळ्याला अडकवली आणि परत आलो. बस लगेच मिळाली.

१३ मे

लोणचं भाकरी. भाकरी जमली नाही, लोणचं चांगलं आहे. ट्यूब नऊपर्यंत.

भामाचा खालच्या घरी फोन आला. विचारत होती, जिलबी तुम्ही आणली होती का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं, त्रिवेणीने बहुतेक सगळी खाल्ली.

१५ मे

ट्यूब नऊपर्यंत. तिच्याखाली बसून बघितलं. वाचायला काही नव्हतं. पुस्तिका वाचली. उत्तर गोलार्धात राहणाऱ्यांनी तोंड दक्षिणेला का करावं हे तिच्यात दोन पानं समजावलंय, चित्रांसकट. छपाई सुरेख आहे.

१८ मे, रविवार

परीक्षा झाली! बरी गेली म्हणते! संध्याकाळी दोघी घरी येणार! सकाळी घर झाडलं, जाळी काढली, ट्यूब ओल्या फडक्याने पुसली. बॅटरीच्या जागेवर जुनी चादर टाकली. अनसूयम्मांना सांगून ठेवलं. सात वाजेपर्यंत काही लिहिणार नाही.

१९ मे, सोमवार, सकाळ

काल रात्री लिहिता आलं नाही. अंधार होता.

सहाला दोघी आल्या. त्रिवेणी वाळली आहे. भामाने आल्याआल्या पिठाचा डबा उघडून बघितला आणि कपाळावर हात मारला. चहा झाला. त्रिवेणी बाहेरच्या खोलीत चटई टाकून पडली. सातला करंट गेला.

मी बटण दाबलं. लखलखाट. दोन महिन्यांत इतकी चांगली लागली नव्हती. खोलीचा कोपरा न् कोपरा उजळला. भिंतीवरची पाल दिसली, कॅलेंडरातल्या तिथ्या दिसल्या. भामा दारात उभी राहिली आणि या वेळी खरोखर बघत राहिली. मी खुर्ची ओढून बसलो. काही बोललो नाही. मी काही बोलणार नाही हे मी स्वतःशी ठरवलं होतं.

त्रिवेणीने कूस बदलली. डोळ्यांवर हात ठेवला. मग ओढणी ठेवली. मग डोळे न उघडता म्हणाली, "बाबा, तो दिवा बंद करा ना. कितीतरी दिवसांनी झोप येतेय."

बॅटरी काठोकाठ भरलेली होती. मी उठलो आणि बंद केला.